सरळ नागपूरच कशाला?

मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या माणसावर अस्वल धावून आलं, की गावात लगेच ठरतं: गाडी करा, सरळ नागपूरला न्या. ट्रॉमा सेंटर म्हणजे नागपूरच्या मेडिकलमधली मोठी इमारत, बाकी सगळं नावापुरतं, हा चंद्रपूर-गडचिरोलीतला जुना समज.

खरं तर ट्रॉमा सेवा ही एक इमारत नसून उतरंड आहे. केंद्राच्या योजनेत तिच्या चार पातळ्या आहेत आणि आकडे उलटे चालतात: पहिली सगळ्यांत वरची, चौथी म्हणजे सुसज्ज रुग्णवाहिका. म्हणून 108 ला नुसती ‘गाडी’ समजू नये. राज्यात 2014 साली ही सेवा 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली; त्यांतल्या 233 मध्ये व्हेंटिलेटरसकट प्रगत सोय होती. सोबत डॉक्टर असतो, म्हणजे उपचार वाटेतच सुरू होतात. (102 वेगळी, ती मुख्यतः गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी.)

दुसरा गैरसमज जास्त घातक: ‘रेफर केलं म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले.’ अस्वलाचा पंजा बहुधा तोंडावर बसतो. रक्त घशात उतरतं आणि माणूस श्वास कोंडूनच दगावू शकतो. अशा वेळी त्याला कुशीवर ठेवायचं, जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं. हळद भरायची नाही, चहा-पाणी पाजायचं नाही. जवळच्या रुग्णालयात घसा मोकळा करणं, सलाईन, धनुर्वात आणि रेबीजची लस एवढं झालं, तरी पुढचा प्रवास सोसवतो. सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरांच्या वर आहे, हे विसरू नका. रेफरच्या चिठ्ठीवर कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहिलेलं असतं. ती खिशात चुरगळू नये.

सर्जन आणि भूलतज्ज्ञांची पदं रिकामी राहतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. नुसत्या पाटीने ट्रॉमा सेंटर होत नाही. उलट हेमलकशाला, 1973 साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात, अशी कुठलीही पाटी नसताना अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले गेले.

राहता राहिली पोलिसांची भीती. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने तसं कलमच आलं. आणि आधी पोलिस, मग उपचार, असं कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 मध्येच सांगून ठेवलं आहे.