गाडी बंद पडते तेव्हाच चोर पकडा!

घाटात गरम झालेली जुनी गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने गुपचूप चालू होते! मेकॅनिककडे नेईपर्यंत इंजिन थंड, दोष गायब. म्हणून मित्रांनो, मी पप्पांच्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं निदान जागेवरच करतो.

आधी गाडी कडेला, हँडब्रेक, चाकामागे दगड. मग एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावायची. प्लग कार्बोरेटरपासून लांब, इंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवायचा, हात लावायचा नाही. सेल्फ मारायचा.

स्पार्क नाही? कॉइल, कंडेन्सर, पॉइंट बघा. तापलेली कॉइल दगा देते.

स्पार्क आहे? मग पेट्रोल बघा. पद्मिनीसारख्या गाडीत पंप इंजिनवरच असतो. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा. लगेच चालू झाली, तर चोर सापडला!

अंदाजाने पार्ट बदलाल, तर खिसा रिकामा आणि गाडी पुन्हा घाटातच.