घशाशी येणारी आग

वजन उतरलं, पण रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. अकोला-अमरावतीकडे दोष लगेच ठेच्यावर, तर्रीवर जातो. तो सगळा मिरचीचा नसतो. 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरलेल्या अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर चढतं.

आधी साधे उपाय करावेत. झोपण्यापूर्वी तीन तास जेवण, घास थोडे, पलंगाची उशाकडची बाजू उंच, डॉक्टर देतील ती गोळी. तरीही आग शमली नाही, तर दुर्बिणीने तपासणी करून बायपासचा विचार होतो. त्याने बहुतेकांना आराम पडतो. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका पहिलीपेक्षा अधिक. म्हणून घाई नको. पण घरच्यांपासून लपवून सोसत बसणंही नको.