छंदाचें नांव आणि नांवाचा धनी

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १८ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरी नांवाचें गांव आहे. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून अधिक उंचीच्या डोंगरावर वसलेल्या या गांवास त्याच्या कागदोपत्रीं नांवानें ओळखणारीं माणसें थोडीं. उभा महाराष्ट्र त्यास जोतिबा याच नांवानें ओळखतो. देवाचें नांव डोंगरास लागलें, डोंगराचें गांवास लागलें; आणि चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत सासनकाठ्या नाचतांना पाहून, गुलालानें माखून, ‘चांगभलं’चा गजर करीत परतलेल्या पिढ्यान् पिढ्यांनीं तेंच नांव आपल्या घरच्या पाळण्यांत नेऊन ठेवलें. जोतिबा, जोतिराम, केदार, केदारनाथ हीं या मुलखांतील नांवें त्याच देवावरून आलेलीं आहेत.

आईबापांच्या जिवाला जें सर्वांत प्रिय असेल तें मुलाच्या नांवांत उतरावें, ही मनुष्यस्वभावाची जुनी ओढ होय. अलीकडे एखाद्या घरीं आवडत्या गायकाचें, खेळाडूचें, नाटकांतील पात्राचें, एखाद्या नदीचें वा गडाचें नांव मुलास ठेवलें, कीं वडीलधारीं मंडळी कपाळास आठी घालतात आणि ‘हें कसलें मेलें नांव!’ असा शेरा मारून मोकळीं होतात. परंतु ज्या आजोबांचें नांव कुलदैवतावरून ठेवलें गेलें, त्यांच्या आईबापांनींही आपल्या जिवाची आवडच पाळण्यांत घातली होती. पूर्वी ती ओढ देवाकडे होती. आतां ती सुरांकडे, खेळाकडे, पुस्तकांकडेही वळली आहे, इतकाच काय तो फरक. एक अडचण मात्र तेव्हांही होती आणि आतांही आहे. आवड असते आईबापांची, आणि नांव जन्मभर वागवावें लागतें मुलास. या दोहोंचा मेळ कोठें बसतो व कोठें बसत नाहीं, हें कांहीं खऱ्या उदाहरणांवरून पाहणें उद्बोधक ठरेल.

प्रथम जोतिबाच्याच डोंगरावरील उदाहरण घ्यावें. तेथील मुख्य मंदिर आज ज्या स्वरूपांत उभें आहे तें १७३० मध्यें राणोजी शिंदे यांनीं बांधविलें, आणि केदारेश्वराचें मंदिर १८०८ मध्यें दौलतराव शिंदे यांनीं. शिंद्यांचें हें कुलदैवत. ज्या घराण्यानें देवाकरितां दगडी शिखरें उभारलीं, त्याच घराण्यांत राणोजींच्या एका पुत्राचें नांव जोतिबा होतें आणि एका नातवाचें केदारजी. शिंद्यांच्या फौजा उत्तरेस गेल्या, माळव्यांत त्यांचा जम बसला, कुलदैवताचा डोंगर शेंकडो कोस दूर राहिला. पण घरांतील मुलास हांक मारावयाची म्हटली कीं त्या डोंगराचें स्मरण आपोआप होई. जें दूर आहे तें रोज मुखीं यावें, हा नांवाचा एक उपयोग आहे. कोल्हापूरकडील माणूस परदेशीं स्थायिक होऊन मुलास केदार म्हणतो, तेव्हां तो हेंच करीत असतो.

शास्त्रकारांनीं या आवडीस वळण लावण्याचा प्रयत्न केला होता. पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच, व्याकरण कां शिकावें याचीं कारणें सांगतांना, याज्ञिकांचा नियम दिला आहे. पुत्राच्या नांवाचा पहिला वर्ण ग, ज, द, ब यांसारखा घोष असावा. मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा वर्ण असावा. आणि नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, असा त्याचा मुख्य आशय. मनुस्मृतीनें मुलींच्या नांवांविषयीं तें उच्चारण्यास सोपें, अर्थानें स्पष्ट आणि मनोहर असावें असें म्हटलें आहे. यांपैकीं दुसरा उपदेश आजही मुलामुलींस सारखाच लागू पडेल. पहिल्याचें मात्र तसें झालें नाहीं. मराठी घरांत अत्यंत लाडकें झालेलें ‘सचिन’ हें नांव पतंजलींनीं सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांस उतरत नाहीं, आणि तरीही तें कोणाच्या कानास खटकत नाहीं. नांव कानास गोड लागूं लागतें तें बऱ्याच अंशीं तें धारण करणाऱ्या माणसामुळें.

याचें सर्वांत ठळक उदाहरण जोतिबाच्या नांवाशींच निगडित आहे. ११ एप्रिल १८२७ हा जोतिबाच्या यात्रेचा दिवस. त्या दिवशीं गोविंदराव व चिमणाबाई यांस पुत्र झाला, म्हणून त्याचें नांव जोती ठेवलें गेलें, असें त्याच्या चरित्रांत सांगितलेलें आढळतें. घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून तें फुले झालें. आडनांव धंद्यानें दिलें, नांव आईबापांच्या श्रद्धेनें दिलें; त्या मुलाच्या स्वतःच्या निवडीचें त्यांत कांहींच नव्हतें. पुढें याच जोतीरावांनीं १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढली आणि १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापन केला. मूर्तिपूजा, तसेंच देव आणि भक्त यांच्यामधील मध्यस्थ, हीं दोन्ही त्यांनीं नाकारलीं. म्हणजे आईबापांची जी श्रद्धा नांवांत उतरली होती, तिची वाट पुत्रानें जशीच्या तशी धरली नाहीं. परंतु नांव त्यांनीं टाकलें नाहीं; स्वतःच्या आयुष्यानें त्यास नवा अर्थ आणून दिला. १८८८ मध्यें मुंबईंत लोकांनीं त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. आज कोणी मुलाचें नांव जोतिराव ठेवितो, तेव्हां यात्रेपेक्षां पुण्याची ती शाळाच बहुधा त्याच्या मनांत असते.

नाटकाच्या ध्यासांतून आलेल्या नांवाचें उदाहरणही असेंच प्रसिद्ध आहे. मास्टर दीनानाथ यांनीं गोव्यांतील मंगेशी या गांवावरून मंगेशकर हें आडनांव घेतलें. त्यांची थोरली कन्या २८ सप्टेंबर १९२९ रोजीं इंदूर येथें जन्मली, तिचें पहिलें नांव हेमा. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’ नाटकांत दीनानाथ लतिकेची भूमिका करीत. त्या पात्रावरून पुढें मुलीचें नांव बदलून लता ठेवण्यांत आलें. पित्याचें रंगभूमीवरील प्रेम असें मुलीच्या नांवांत आलें. परंतु ज्यांनीं तें नाटक कधींच पाहिलें नाहीं, गडकऱ्यांचें नांवही ऐकलें नाहीं, अशा असंख्य श्रोत्यांस लता म्हणजे एक स्वर एवढेंच ठाऊक आहे. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नाटक बाजूस ठेवलें तरी लता म्हणजे वेल हा अर्थ शिल्लक राहतोच. तें नांव आपल्या पायांवर उभें राहूं शकत होतें.

प्राध्यापक रमेश तेंडुलकर हे मराठीचे अध्यापक आणि कवि. संगीतकार सचिन देव बर्मन हे त्यांच्या विशेष आवडीचे. म्हणून १९७३ मध्यें जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलास त्यांनीं सचिन हें नांव दिलें. नांव आलें संगीतांतून. मुलगा मात्र बॅट घेऊन मैदानावर गेला. क्रिकेटच्या घरीं उलट प्रकार झाला. सुनील गावसकर यांनीं १९७६ मध्यें जन्मलेल्या पुत्राचें नांव रोहन जयविश्व असें ठेवलें. त्यांत एक सोडून तीन खेळाडू आहेत: वेस्ट इंडीजचे रोहन कन्हाय, हैदराबादचे जयसिंह आणि कर्नाटकाचे विश्वनाथ. हा मुलगा क्रिकेटमध्येंच गेला, बंगालकडून आणि भारताकडूनही खेळला. पण पिता उजव्या हातानें खेळणारा, तर पुत्र डावखुरा. नांवानें छंद दिला तरी हात मुलाचा स्वतःचाच असतो. शिवाय कन्हाय यांचे पूर्वज हिंदुस्थानांतून गयानास गेलेले असल्यामुळें, रोहन हें नांव वेस्ट इंडीजहून आलें तरी ऐकणाऱ्यास परकें वाटलें नाहीं.

आतां या चालीची दुसरी, काळी बाजूही पाहिली पाहिजे. कारण आईबापांच्या मनांतील प्रेमच केवळ नांवांत उतरतें असें नाहीं. पूर्वी मुलें जगत नसत तेव्हां दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, धोंडू, केरू, भिकू अशीं नांवें ठेवीत. त्यांच्या मुळाशीं माया होती. परंतु मुलगा हवा असतां मुलगी झाली, म्हणून तिला ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ म्हणणें ही गोष्ट निराळी. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अशा २८५ मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. त्या मुली तोंवर शाळेच्या हजेरींत रोज आपलें नांव ऐकून ‘हजर’ म्हणत होत्या, आणि तें नांव त्यांस रोज सांगत होतें कीं तूं आम्हांस नको होतीस. नांव हा आईबापांच्या मनाचा खुला दाखला असतो व तो वाचला जातो मुलाच्या अंगावर, हें याहून स्पष्ट करून सांगावयास नको.

मुलींच्या नांवांस आणखी एक धोका असे. लग्नांत तबकांत तांदूळ पसरून त्यांवर सासरचें नवें नांव लिहिण्याची चाल महाराष्ट्रांत होती, आणि कित्येक घरीं अजून आहे. आईबापांनीं हौसेनें निवडलेलें नांव अशा वेळीं अंगठीच्या चार रेघांनीं पुसलें जाई. ही चाल आतां पुष्कळ कमी झाली आहे. लेकीचें नांव जन्मभर टिकणार असेल, तर तें निवडतांना अधिकच विचार करावयास हवा. तशांत १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचें नांव, आईचें नांव, मग वडिलांचें नांव व आडनांव असा क्रम महाराष्ट्र शासनानें ठरविला आहे. तेव्हां नवें नांव आईच्या नांवाशेजारीं कसें वाजतें हेंही ऐकून पाहावें.

मग छंदावरून नांव ठेवावें कीं नाहीं? खुशाल ठेवावें, मात्र कांहीं साध्या कसोट्या लावाव्यात. पहिली अशी कीं, छंद क्षणभर बाजूस ठेवून नांव उच्चारावें. लता, केदार, रोहन हीं नांवें त्यानंतरही अर्थासह उभीं राहतात. एखादें नांव छंद न सांगतां निव्वळ कोडें वाटत असेल, तर तें मुलास जन्मभर उलगडून सांगत बसावें लागेल. दुसरी कसोटी हांकेची. मराठी घर कोणतेंही नांव सरळ ठेवीत नाहीं. सचिनचा सच्या होतो, गणपतीचा गणप्या होतो. तेव्हां नांवाचें रूप बिघडल्यावर तें कसें दिसेल, हें शाळेंतील मुलांच्या आधीं आईबापांनींच पाहून घ्यावें. तिसरी कसोटी वयाची. पाळण्यांत शोभणारें नांव न्यायालयांत, रुग्णालयांत, शेतावर साठ वर्षांच्या माणसासही शोभलें पाहिजे.

इतक्यानेंही मन निःशंक होत नसेल, तर जुन्या चालीनें एक सोपी वाट ठेवली आहे. बारशास आत्या कानांत नांव सांगते तें बहुधा एकटें नसतें. एक राशीवरून, एक कुलदैवताचें, एक व्यवहाराचें आणि एक लाडाचें, अशीं नांवें एकाच पाळण्यांत सुखानें नांदतात. अतिशय आगळें नांव लाडाचें ठेवावें आणि कागदावर सुटसुटीत नांव लिहावें, अथवा याच्या उलट करावें. घाई करण्याचेंही कारण नाहीं. १९६९ च्या कायद्याप्रमाणें जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. परंतु नांव निश्चित झालें नसल्यास तें पुढें १२ महिन्यांपर्यंत विनामूल्य, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून त्या नोंदींत घालतां येतें. मोठेपणीं मुलास नांव नकोसें झालें, तर राजपत्रांत प्रसिद्धि देऊन तें बदलण्याचा मार्गही त्यास मोकळा आहे. आणि त्यानें तसें केलें तर आईबापांनीं तो आपला अपमान समजूं नये.

घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे घरोघर गेले, म्हणजे नांव ठेवण्याचें काम संपलें असें मात्र नव्हे. मुलास कळूं लागेल तेव्हां त्याच्या नांवाची हकीकत त्यास सांगितली पाहिजे: कोणतें गाणें, कोणता खेळ, कोणता डोंगर आपल्या आईबापांस इतका प्रिय होता, हें त्यास ठाऊक असावें. त्याला तेंच गाणें आवडेल कीं नाहीं, तोच डोंगर तो चढेल कीं नाहीं, याचा निर्णय मात्र त्यानें स्वतः करावयाचा आहे.