पेटी की आईची छाती?

अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पेटी मिळाली का?’ बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणं ही पेटी नसलेल्यांची तडजोड, हा समज भोपाळच्या शिकल्यासवरल्या घरांतही असतो. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ‘कांगारू’ पद्धत सुरू केली ती पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणूनच, हे खरं. पण टंचाईतून सुचलेला उपाय कमअस्सल असतो असं नाही.

डॉक्टरांचाही एक आक्षेप वर्षानुवर्षं होता: बाळ आधी स्थिरावू द्या, मग आईकडे देऊ. ऐकायला तो रास्त वाटतो, म्हणून तो तपासला गेला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतले चार देश मिळून एक ते 1.8 किलो वजनाच्या 3211 बाळांचा अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थिरावण्याची वाट पाहिलेल्या गटात 28 दिवसांत 15.7 टक्के बाळं दगावली; जन्मताच छातीशी घेतलेल्यांत 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उपचार दोन्ही गटांना मिळत होते. दुसऱ्या गटात आईही अतिदक्षता विभागातच, बाळाजवळ होती. म्हणजे छातीशी घेतल्यानं बाळ अस्थिर होत नाही, उलट तगतं. आईच्या अंगाची ऊब सतत मिळते, दूध लवकर सुरू होतं. जंतुसंसर्गाची भीती घालणाऱ्यांनी हेही पाहावं की संसर्गाचा संशय याच गटात कमी आढळला.

भोपाळच्या डिसेंबरातल्या थंडीत बाळाला उघडं कसं ठेवायचं? उघडं ठेवायचंच नसतं. टोपडं, मोजे, लंगोट असतो, वरून आईचं पांघरूण. सिझेरियन झालेली बाळंतीण उठू शकत नसेल तर बाप, आजी, मावशी छाती देऊ शकतात. ज्या बाळाला स्वतःहून श्वास घेता येत नाही, त्याला मात्र यंत्र हवंच. बाकी बहुतेकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये जन्मापासूनच, दिवसाला आठ ते चोवीस तास, अशी शिफारस केली आहे. 2020 च्या सरकारी पाहणीत मध्य प्रदेशात हजारी 43 अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती, देशात सर्वाधिक. म्हणून पेटीची चौकशी जरूर करा, पण त्याच दमात डॉक्टरांना विचारा: बाळाच्या आईला आत कधी घेणार?