काडतुसांचा सोऱ्या

मागच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही ह्यूस्टनला भाच्याकडे गेलो होतो. तिथला उकाडा म्हणजे दुबईच्या माणसाला अगदी माहेरी आल्यासारखं! भाच्याने हौसेने गराज उघडलं आणि जाड टेबलाला बोल्टांनी आवळलेलं, लांब दांड्याचं एक लोखंडी धूड दाखवलं. आमची सौ. म्हणाली, "अगबाई, हा तर चकलीचा सोऱ्या!"

"मामी, जवळजवळ बरोबर," भाचा हसला. "फक्त ह्यातून चकल्या नाही, काडतुसं निघतात."

आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांचे डोळे चमकले. 2024 साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून या मुलाने हट्ट धरून इथल्या एका क्लबात एअर रायफल सुरू केली आहे. "बाबा, आपण पण घेऊ या ना? कुठला घ्यायचा?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं, ते इतर पालकांनाही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी आणि दारू जळते, गोळी जाते, पुंगळी मागे राहते. ती टाकून देण्यापेक्षा पुन्हा भरली तर पैसे वाचतात आणि आपल्या बंदुकीला मानवेल असं काडतूस तयार होतं. हे भरायचं यंत्र म्हणजे प्रेस. पुंगळी मूळ मापात आणणं, जुनी टोपी काढून नवी बसवणं, मोजून दारू घालणं, गोळी बसवणं अशी ही कामं. त्यांतल्या बहुतेकांना वेगळा साचा लागतो. शेवेची चकती काढून चकलीची घालावी, तसंच!

प्रेस तीन प्रकारचे. पहिला एकेरी: दांडा एकदा ओढला की एका पुंगळीवर एकच काम. शंभर पुंगळ्या असतील तर शंभरांवर पहिलं काम, मग साचा बदलून शंभरांवर दुसरं. काम कंटाळवाणं, पण प्रत्येक काडतूस डोळ्यांखालून जातं. लांब पल्ल्याचे नेमबाज बहुधा हाच वापरतात. दुसऱ्या प्रकारात साचे फिरत्या डोक्यावर बसवलेले असतात, ते काढ-घाल करावे लागत नाहीत. तिसऱ्यात एकाच ओढीत चार-पाच पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं होतात आणि दर ओढीला एक तयार काडतूस पडतं. तासाला काही शे निघतात. पण घाईत एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडली तर बंदूक हातात फुटू शकते. म्हणून भाच्याचं सांगणं: "शिकणाऱ्याने एकेरीच घ्यावा. किती वेगाने हवंय ते नंतर, किती अचूक हवंय ते आधी."

सल्ला उत्तम. पण मंडळी, या दोन्हींच्या आधी एक प्रश्न येतो: आपण राहतो कुठे?

अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. इथे अमिरातीत 2019 चा शस्त्रविषयक संघीय कायदा आहे. परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं, आणणं, बनवणं हा मोठा गुन्हा. "मग गावी ठेवू," असं चिरंजीव म्हणालेच! पण भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे तो सोऱ्या रिकामा असला तरी कायद्याच्या लेखी दारूगोळाच. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तो सरकारी. घरगुती कारखान्याला तिथेही मुभा नाही.

चिरंजीवांचं तोंड उतरलं. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याच्या खेळाला हा प्रेस लागतच नाही! एअर रायफलमध्ये दारू नाही, 4.5 मिलिमीटरचे शिशाचे छर्रे हवेच्या दाबाने जातात. तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं ते पॉइंट टू टू रायफलने. त्या काडतुसाची टोपी वेगळी नसते, स्फोटक बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. राहिली शॉटगन. तिची काडतुसं भरता येतात, पण मोठ्या स्पर्धेला कारखान्यातलीच वापरतात. 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये अमिरातीच्या शेख अहमद अल मक्तूम यांनी सुवर्ण आणि आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्य जिंकलं. अमिरातीचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आपले दोन्ही देश एकाच चौथऱ्यावर!

मग आमच्यासारख्यांनी निवडायचं काय? छर्रे. 10 मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्यांच्या डब्यांवर 4.49, 4.50, 4.51 असं माप लिहिलेलं असतं. एकाच कंपनीच्या दोन खेपांतही फरक पडतो. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट आवळून वेगवेगळ्या डब्यांतले दहा-दहा छर्रे मारतात. ज्याची भोकं सर्वांत जवळ पडतील तो डबा आपला, आणि मग त्याच खेपेचे आणखी डबे घेऊन ठेवायचे. भाचा गराजमध्ये जी अचूकता शोधतो, तीच ही. फक्त तुरुंगाची धास्ती नाही!

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. निघायच्या आदल्या रात्री सौ. बॅगा भरत होती. मुलाच्या कंपासपेटीत काहीतरी खुळखुळलं. पाहिलं तर दोन पितळी पुंगळ्या, एकीला किल्ल्यांची कडीही लावलेली. दादाने दिलेली भेट! माझ्या तर पोटात गोळाच आला. भाचा म्हणाला, "मामा, रिकामीच आहे हो!" अरे बाबा, तुझ्या गराजमध्ये रिकामी. विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यासमोर पोराला शेजारी उभं करून ते मी कुणाला पटवू? दोन्ही पुंगळ्या तिथेच ठेवल्या. मुलगा विमानात तीन तास बोलला नाही. चालेल.

गावाहून येताना तर जास्तच जपा. आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत. काकांची बॅग उसनी घेतली आणि कोपऱ्यात जुनं काडतूस निघालं, असं होऊ शकतं. भारतातल्या विमानतळांवर अशा विसरलेल्या काडतुसांपायी गुन्हे दाखल झालेले आहेत. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने अशी कित्येक प्रकरणं रद्दही केली. पण तोवर चुकलेलं विमान, वकिलाच्या खेपा आणि इकडे नोकरीवर टांगती तलवार, ते कोण भरून देणार? उसनी बॅग आधी पूर्ण उलटी करून झटका, सगळे कप्पे तपासा, आणि मगच कपडे भरा.

चिरंजीवांचे छर्रे आता ठरले आहेत, 4.50. रायफल आणि छर्रे दोन्ही क्लबातच राहतात. घरी दिवाळीला सोऱ्याचा दांडा मात्र त्यालाच फिरवायला लावतो. तो म्हणतो, हातही मजबूत होतो!