तुकड्यांचें गणित

मोठें काम आटोक्यांत आणावयाचें तर त्याचे लहान भाग पाडावे, ही युक्ति आपल्या गणितींस नवी नाहीं. भास्कराचार्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या (इ. स. ११५०) गोलाध्यायांत गोलाच्या पृष्ठाचे बारीक पट्टे कल्पून त्याचें क्षेत्रफळ काढलें आहे. आजचे अभियंते पूल, धरण किंवा इमारत यांचें बळ अजमावतांना याच वाटेनें जातात. सबंध वस्तूवर जाळें कल्पावयाचें, जाळ्याच्या प्रत्येक घराचें सोपें समीकरण मांडावयाचें, आणि शेजारशेजारच्या घरांचीं समीकरणें जोडून लाखों अव्यक्त राशी संगणकाकडून काढवून घ्यावयाच्या. अमेरिकेंतील क्लफ यांनीं १९६० सालीं या रीतीस ‘परिमित घटक’ अशा अर्थाचें नांव दिलें.

प्रत्येकानें हें सर्व पहिल्यापासून लिहीत बसूं नये, म्हणून विद्वानांनीं तयार आज्ञावलींचे संग्रह रचले आहेत. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें बँगर्थ, हार्टमान व कान्शाट यांनीं सुरू केलेला ‘डील टू’ हा त्यांपैकीं एक. त्यास २००७ सालीं विल्किन्सन पारितोषिक मिळालें. तो कोणासही विनामूल्य मिळतो, वाचतां येतो आणि सुधारतांही येतो.

जेथें ताण एकवटतो तेवढ्याच जागीं जाळें बारीक करण्याची सोय त्यांत पूर्वीपासून आहे. मात्र जाळ्याचीं घरें सपाट आकृतींत चौकोनी व घनाकृतींत सहा पृष्ठांचींच असावीं लागत. वेड्यावांकड्या वस्तूंत अशीं घरें बसवितांना मोठी दमछाक होई. कोणताही बहुकोन त्रिकोणांत विभागतां येतो, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. २०२१ च्या ९.३ या आवृत्तींत त्रिकोणी व चार पृष्ठांच्या घरांची सोय प्रायोगिक स्वरूपांत आली, आणि दोन्ही प्रकार एकाच जाळ्यांत मिसळतांही येऊं लागले.

एवढें साधन हाताशीं असलें तरी मूळ अंक माणसानेंच पुरवावे लागतात. आमच्या भिवंडींत २१ सप्टेंबर २०२० रोजीं पहाटे पटेल कंपाउंडांतील तीन मजली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. कोणत्याही जुन्या घराचा गज किती गंजला, भिंतींत ओल किती मुरली, हें संगणकास आपोआप कळत नाहीं. कोणीतरी खांबाशीं उभें राहून तें मोजावें लागतें. खोटा अंक घातल्यास उत्तम आज्ञावलीही खोटेंच उत्तर देईल, आणि तेंही दहा दशांश स्थळांपर्यंत!

ज्यांच्या घरीं मुलें अभियांत्रिकी शिकत असतील, त्यांनीं हा विनामोल संग्रह त्यांस अवश्य अभ्यासावयास लावावा. मात्र आपल्या वाड्याची वा इमारतीची तपासणी पुढें ढकलूं नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतींस ती महापालिका कायद्यानेंच आवश्यक ठरविली आहे.