सेकंड हँड गाडीतला वास: परफ्यूम लावू नका, आधी पाणी शोधा

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पुण्यात एक सेकंड हँड हॅचबॅक घेतली. सात वर्षं जुनी, मी दुसरा मालक. गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिला दमा आहे, दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला डॉक्टरांकडे यावं लागतं आणि एसटीच्या गर्दीत, धुळीत ती निम्मी आजारी होऊनच पोहोचायची. डीलरकडे गाडी बघितली तेव्हा आत लिंबाच्या परफ्यूमचा नुसता भपकारा होता. मला वाटलं, वा, काय टकाटक ठेवलीये!

जुलैत आईला आणायला गेलो. ती पुढे डावीकडच्या सीटवर बसली, दार लावलं आणि म्हणाली, "अरे, ओल्या गोणपाटाचा वास येतोय गाडीत." मला काहीच येत नव्हता. एसी लावला. खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तिचा खोकला थांबेना, शेवटी गाडी बाजूला घेऊन इनहेलर काढावा लागला. ज्या माणसासाठी गाडी घेतली त्यालाच ती सोसेना, म्हणजे काय बोलायचं!

तर मित्रांनो, पुढचे तीन आठवडे मी या वासामागे लागलो होतो. त्यात जे कळलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे तरी वाचतील.

पहिला प्रश्न, मला वास का आला नाही? कारण नाक सरावतं. एकच वास सतत येत राहिला की थोड्या वेळाने मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. मी रोज त्याच गाडीत बसत होतो. त्यामुळे गाडीत वास आहे की नाही हे मालकाने ठरवायचंच नाही. गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दार उघडायला सांगा. पहिल्या दहा सेकंदांत ते जे म्हणतील ते खरं.

दुसरी गोष्ट परफ्यूमची. डॅशबोर्डवरची जेलची डबी किंवा आरशाला लटकवलेलं झाड वास काढत नाही, त्याच्यावर दुसरा वास चढवतं. खालचा कुबट वास बुरशी आणि जिवाणूंमुळे येतो, आणि त्यांना वाढायला ओल लागते. ओल तिथेच असेल तर डबी महिन्यात संपते, बुरशी संपत नाही. शिवाय दम्याच्या माणसाला तो उग्र सुगंधच बाधू शकतो. मी सगळ्यात आधी डबी काढून टाकली. दोनच दिवसांत मलासुद्धा गोणपाट यायला लागलं.

मग ओल शोधायची होती. इथे फोन कामाला आला. ब्लूटूथवर चालणारा छोटासा तापमान आणि आर्द्रता मोजणारा मीटर मिळतो, त्याचं ॲप रात्रभराची नोंद ठेवतं. पावसाळ्यात सगळीकडेच हवा दमट असते, त्यामुळे नुसता आकडा बघून काही कळत नाही. म्हणून एक रात्र मीटर माझ्या गाडीत ठेवला आणि दुसऱ्या रात्री शेजारच्याच पार्किंगमधल्या मित्राच्या गाडीत. त्याच्या बंद गाडीत आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास, माझ्या गाडीत ९० च्या वर. काचा बंद, पाऊस आत येत नाही, तरी एवढा फरक! म्हणजे पाणी गाडीच्या आतच कुठेतरी साठलेलं होतं.

मॅट उचलली, वरून कार्पेट कोरडं. पण डावीकडे, आई पाय ठेवते तिथे, तळहात जोरात दाबला तर गारवा लागला. कार्पेटखाली जाड फोमचा थर असतो. तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो आणि वरचं कार्पेट मात्र कोरडं दिसतं. डीलरने गाडी धुऊन वरून सुकवली होती, खालचं कोण बघतंय? तिथे टिशू पेपर दाबून धरा, दोन मिनिटांत ओला झाला तर चोर सापडला म्हणायचं.

पाणी आलं कुठून? एसीमधून. डॅशबोर्डच्या मागे एसीची कूलिंग कॉइल असते. दमट हवा तिच्यावरून गेली की गार तांब्याला बाहेरून पाणी सुटावं तसं पाणी सुटतं. ते एका बारीक नळीतून गाडीखाली टपकायला हवं. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली छोटं थारोळं दिसतं ते हेच. माझ्या गाडीखाली ते कधीच दिसायचं नाही आणि मला वाटायचं, चला, काही गळत नाहीये! नळी धूळ आणि पाल्याने तुंबली होती. पाणी मागे फिरून आत, कार्पेटखाली जात होतं. दरवेळी आईच्या पायांखाली.

गॅरेजमध्ये नळी साफ करायला दहा मिनिटं लागली. गाडी उचलून, पातळ लवचीक वायर हलक्या हाताने आत घातली आणि जवळजवळ पेलाभर काळं पाणी बाहेर आलं. त्याच वेळी केबिन फिल्टर बघून घ्या. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, ग्लोव्ह बॉक्स कसा काढायचा याचा तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ शोधला की घरीच बदलता येतो. (काही जुन्या छोट्या गाड्यांत फिल्टर दिलेलाच नसतो, नुसता खाचा असतो.) माझ्या फिल्टरवर वाळकी पानं आणि उंदराने आणलेला कापूस निघाला. तो झटकून परत बसवू नका, नवीन टाका. कूलिंग कॉइलवर मारायचा फोमचा क्लीनर मिळतो, तो गॅरेजवाल्याकडूनच मारून घेतला.

खरं कष्टाचं काम म्हणजे सुकवणं. सीट काढायची असेल तर स्वतः काढू नका. सीटखाली पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, तिथे खेळायचं नाही. माझी सीट गॅरेजमध्ये काढली, कार्पेट उचलून खाली विटा लावल्या, व्हॅक्यूमने पाणी ओढलं आणि पार्किंगमध्ये टेबल फॅन लावून तीन दिवस ठेवलं. पावसाळा असल्यामुळे तीन, उन्हाळ्यात एका दिवसात झालं असतं. फोम हाताला पूर्ण कोरडा लागल्यावरच खाण्याचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून सकाळी व्हॅक्यूम केला. ओल्या कार्पेटवर सोडा टाकलात तर त्याचा चिखल होतो आणि कोपऱ्यांत घट्ट बसतो. मी पहिल्या आठवड्यात हाच शहाणपणा केला होता.

सगळे वास ओलीचे नसतात. दूध सांडलं असेल तर गरम पाणी ओतू नका, त्यातली प्रथिनं धाग्यांत आणखी घट्ट बसतात. गार पाण्याने टिपून घ्या आणि एन्झाइमचा क्लीनर वापरा, पाळीव प्राण्यांच्या दुकानात तो हमखास मिळतो. सिगारेटचा वास सगळ्यात चिवट. धुरातला चिकट थर काचांवर, छताच्या कापडावर, सीट बेल्टवर बसतो. आतली काच पांढऱ्या कापडाने पुसा, कापड पिवळट झालं तर समजा. छत ओलंचिंब मात्र करू नका, कापड चिकटवलेलं असतं, डिंक सुटला की ते डोक्यावर लोंबायला लागतं. ओझोन मारून वास घालवणारेही आहेत. ओझोन काम करतो, पण तो श्वासनलिकेला त्रासदायक वायू आहे. मशीन चालू असताना आत कुणी थांबायचं नाही आणि नंतर गाडी बराच वेळ उघडी ठेवायची. दम्याच्या माणसासाठी मी तो पर्याय घेतला नाही. आणि ओल तशीच असेल तर ओझोननंतरही वास परत येतोच.

आता काही वास असे आहेत की तिथे सोडा आणि व्हॅक्यूम विसरायचं. हीटर लावल्यावर गोडसर वास येतोय आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरतेय, तर कूलंट गळत असण्याची शक्यता आहे, आणि ते विषारी असतं. सीएनजी गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास आला तर गॅस गळतोय असंच धरा. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. काचा उघडा, इंजिन बंद करा, बाहेर या, मग फोन करा. आणि आत सायलेन्सरच्या धुराचा वास येत असेल तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येत असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो जीव घेतो. अशी गाडी काचा लावून चालवायची नाही, थेट गॅरेज गाठायचं.

गाडी अजून घेतली नसेल तर वास हा तपासणीचाच भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, परफ्यूम मारून दुसऱ्या शहरात विकणं अवघड नसतं. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख आणि विम्याची मुदत दिसते, पण गाडी पुरात होती का हे तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या भागावर मातीचा डाग आहे का बघा. फोनचा टॉर्च लावून सीटच्या रुळांवर, बोल्टवर गंज आहे का ते बघा. डिकीत स्टेपनी उचलून तिच्याखाली बघा, गाळ तिथे राहून जातो. ओटीजीने फोनला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा मिळतो, तो असेल तर डॅशबोर्डखालीही डोकावता येतं. आधीच्या विमा पॉलिसीची प्रत मागा. नो क्लेम बोनस शून्य झालेला दिसला तर क्लेम कशाचा होता ते विचारा. आणि बघायला जायच्या आदल्या दिवशी डीलरला सांगा, परफ्यूम काढून ठेवा, गाडी रात्रभर बंद ठेवा. टाळाटाळ केली तर मी तरी पुढची गाडी बघेन.

माझा सगळा खर्च फिल्टर, क्लीनर आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत बसला. त्याआधी परफ्यूमवर सहाशे रुपये घालवले होते ते वेगळे. आता घर यायच्या पाचेक मिनिटं आधी एसीचं बटण बंद करतो आणि नुसता पंखा चालू ठेवतो, म्हणजे कॉइल कोरडी होते. सप्टेंबरात आईला परत आणलं. तिने दार लावलं, दोनदा श्वास ओढून बघितला आणि म्हणाली, "आता कसलाच वास नाही." शिरवळला चहाला थांबलो तेव्हा मी आधी खाली वाकून बघितलं. गाडीखाली पाणी टपकत होतं.